जुन्या क्ष-किरण नोंदींमध्ये दडलेली स्पंदने शोधायची कशी?

२००३ मध्ये एक्सएमएम-न्यूटन या युरोपीय क्ष-किरण दूरबिणीने एनजीसी ५९०७ या दीर्घिकेकडे पाहिले. तिथल्या एका अतितेजस्वी स्रोताचे फोटॉन नोंदले गेले, फाइल संग्रहात गेली आणि यथावकाश सर्वांसाठी खुली झाली. त्या फाइलमध्ये १.४३ सेकंदांचे स्पंदन होते, म्हणजे स्रोताचे तेज दर १.४३ सेकंदांनी लयीत वर-खाली होत होते. ते जगापुढे यायला मात्र २०१७ साल उजाडले. २०१४ च्या निरीक्षणात तोच आवर्तकाळ १.१३ सेकंदांवर आलेला आढळला आणि ज्याला तोवर कृष्णविवर समजत होते, तो न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठ्या ताऱ्याचा अतिदाट अवशेष, निघाला. २००३ चे फोटॉन इतकी वर्षे तिथेच होते. त्यांच्या वेळा योग्य रीतीने तपासायला कुणीतरी बसायला हवे होते.

अशी हजारो निरीक्षणे आज कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. भौतिकशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी, पायथॉन येणारा अभियंता किंवा चिकाटीचा हौशी खगोलप्रेमी, तिघांनाही हे काम जमण्यासारखे आहे. गणित अवघड नाही. अवघड आहे ती शिस्त, आणि ती दोन ठिकाणी लागते: फोटॉनच्या वेळा दुरुस्त करताना, आणि आपण किती ठिकाणी शोधले हे प्रामाणिकपणे मोजताना. या लेखात त्या दोन गोष्टींना मी जास्त जागा देणार आहे.

हाताशी एक खरा स्रोत असला की शिकणे सोपे जाते, म्हणून एनजीसी ३०० यूएलएक्स-१ घेऊ. मे २०१० मध्ये एनजीसी ३०० दीर्घिकेत तो सुपरनोव्हा म्हणून नोंदला गेला. २०१०डीए हे त्याचे नाव. पुढे लक्षात आले की ताऱ्याचा शेवट झालेलाच नाही. डिसेंबर २०१६ मध्ये एक्सएमएम-न्यूटन आणि नूस्टार या दोन दूरबिणींनी एकाच वेळी केलेल्या निरीक्षणात त्याच्याकडून सुमारे ३१.६ सेकंदांची स्पंदने येत असल्याचे दिसले आणि २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. सरावाला हा उत्तम, कारण स्पंदन ठळक आहे. शिवाय त्याचा आवर्तकाळ इतक्या वेगाने घटतो की साधी पद्धत थोडी फसते, आणि ती का फसते हे पहिल्याच सरावात कळते.

कॅमेऱ्याला किती जलद दिसते

शोध सुरू करण्याआधी विचारायचा प्रश्न: या उपकरणाला हे स्पंदन दिसू तरी शकते का? प्रत्येक कॅमेरा ठराविक अंतराने एक चौकट वाचतो. एक्सएमएमचा पीएन कॅमेरा पूर्ण-चौकट पद्धतीत दर ७३.४ मिलिसेकंदांनी वाचतो, छोट्या खिडकीच्या पद्धतीत ५.७ मिलिसेकंदांनी. त्याच दूरबिणीवरचे दोन मॉस कॅमेरे पूर्ण चौकटीला २.६ सेकंद घेतात. चंद्रा दूरबिणीचा एसिस कॅमेरा नेहमीच्या पद्धतीत सुमारे ३.२ सेकंद घेतो. चौकटीच्या दुपटीपेक्षा लहान आवर्तकाळ खात्रीने ओळखता येत नाही, आणि त्या सीमेपाशी पोहोचेपर्यंत संकेताची पॉवर, म्हणजे त्या लयीची नोंदीत दिसणारी ताकद, चाळीस टक्क्यांवर आलेली असते. म्हणजे मॉसच्या नोंदीत एक सेकंदाचे स्पंदन शोधण्यात अर्थ नाही, ३१.६ सेकंदांचे मात्र खुशाल शोधावे.

मिलिसेकंदांचा स्पंदक, म्हणजे तितक्या जलद लयीत स्पंदणारा तारा, हवा असेल तर आरएक्सटीई, नायसर किंवा भारताच्या ॲस्ट्रोसॅटसारखी जलद उपकरणे लागतात. सेकंदाला ४०१ फेऱ्या घेणारा सॅक्स जे१८०८.४-३६५८ हा पहिला वस्तुमान खेचणारा मिलिसेकंद स्पंदक १९९८ मध्ये आरएक्सटीईच्या नोंदींतूनच सापडला. चुंबकतारे, म्हणजे अतिप्रबळ चुंबकत्वाचे न्यूट्रॉन तारे, साधारण २ ते १२ सेकंदांत फिरतात. जड सोबत्याकडून वस्तुमान घेणारे न्यूट्रॉन तारे सेकंदापासून हजार सेकंदांपर्यंत कुठेही सापडतात. चुंबकीय श्वेत बटू बहुधा शेकडो ते हजारो सेकंदांत. कोणत्या प्रकारच्या मागे आहात त्यावर उपकरण ठरते. उलट क्रमाने गेलात तर आठवडे वाया जातात.

फोटॉन पुरतील का

इथे एक सूत्र पाठ असावे. स्पंदन साधे लाटेसारखे असेल, तर अपेक्षित पॉवर म्हणजे एकूण फोटॉनसंख्या गुणिले स्पंदनाच्या खोलीचा वर्ग, भागिले दोन. खोली म्हणजे सरासरीच्या वर-खाली होणाऱ्या चढउताराचे सरासरीशी प्रमाण. पॉवर इथे लीही पद्धतीने मोजलेली आहे. तीत निव्वळ गोंगाटाची सरासरी २ येते. विश्वासार्ह शोधासाठी पॉवर साधारण ३७ च्या वर लागते (हा आकडा कुठून आला ते पुढे येईल). मग १,००० फोटॉन असतील तर २७ टक्के खोलीचे स्पंदन हाती लागेल, १०,००० असतील तर ९ टक्क्यांचेही, आणि ३०० च असतील तर किमान ५० टक्के खोली हवी.

पार्श्वभूमीचे फोटॉन या हिशेबात घात करतात. स्रोताचे फोटॉन एस आणि पार्श्वभूमीचे बी धरले, तर पॉवर एसच्या वर्गाला एस अधिक बीने भागल्याच्या प्रमाणात असते. पार्श्वभूमी स्रोताइतकीच असेल तर पॉवर थेट निम्मी होते. म्हणून क्षीण स्रोताभोवती मोठे वर्तुळ घेऊन जास्त फोटॉन गोळा करण्याचा मोह टाळावा. वर्तुळाची त्रिज्या पाच-पाच विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) कमी-जास्त करून हे प्रमाण कुठे सर्वाधिक होते ते पाहावे. हे स्पंदन शोधण्यापूर्वी करायचे, नंतर नव्हे. पॉवर वाढावी म्हणून वर्तुळ बदलत बसलात तर तो प्रत्येक बदल एक जास्तीचा प्रयत्न ठरतो.

फाइल मिळवणे आणि चाळणे

नासाचा हीसार्क हा संग्रह बहुतेक मोहिमांसाठी एकच खिडकी आहे. एक्सएमएमचा स्वतःचा संग्रह युरोपीय अवकाश संस्था चालवते. दोन्हीकडे स्रोताचे नाव टाकून शोधता येते. एनजीसी ३०० टाकून डिसेंबर २०१६ ची एक्सएमएमची निरीक्षणे निवडा. घरच्या संगणकावर सगळे सॉफ्टवेअर बसवणे जिकिरीचे वाटत असेल, तर हीसार्कने सायसर्व्हर या संकेतस्थळावर हीसॉफ्ट हा क्ष-किरण नोंदींसाठीचा आज्ञासंच आधीच बसवून ठेवला आहे. मोफत खाते उघडून ब्राउझरमध्येच काम करता येते. स्वतःच्या यंत्रावर करायचे तर लिनक्स, हीसॉफ्ट, एक्सएमएमसाठी सास हा तिचा स्वतःचा आज्ञासंच, आणि पायथॉनमध्ये स्टिंगरे व हेंड्रिक्स ही दोन पॅकेजे. शेवटची दोन खास कालमापनासाठी बनलेली आहेत, आणि खाली सांगितलेले जवळजवळ सगळे त्यांत तयार मिळते.

आपल्याला हवी ती इव्हेंट फाइल. तिच्या प्रत्येक ओळीत एका फोटॉनची वेळ, जागा आणि ऊर्जा असते. तयार लाइट कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार तेजाचा आलेख, घेऊन काम करू नका. कुणीतरी आधीच वेळेचे कप्पे पाडलेले असतात, आणि त्या कप्प्यांत जलद स्पंदन पुसले गेलेले असते.

एक्सएमएमच्या फाइलची चाळणी ठरलेली आहे. आधी १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरच्या एकेरी, म्हणजे एकाच पिक्सेलवर उमटलेल्या, नोंदींचा लाइट कर्व्ह काढा. सौर प्रोटॉनांचे लोट आले की तो उसळतो. पीएनसाठी सेकंदाला ०.४ आणि मॉससाठी ०.३५ ही नेहमीची मर्यादा. तिच्या वरचा काळ वगळायचा. मग पीएनमध्ये पॅटर्न (नोंद किती पिक्सेलांवर कशी पसरली याचा क्रमांक) ४ पर्यंतच्या नोंदी, मॉसमध्ये १२ पर्यंतच्या, सदोष पिक्सेल बाद, आणि ऊर्जा ०.३ ते १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट.

एक गोष्ट मात्र माझ्या मते पुस्तकी सल्ल्याच्या उलट करावी. वर्णपटासाठी आपण पार्श्वभूमी कडकपणे छाटतो. स्पंदनाच्या शोधात प्रत्येक छाटणी काळात भोक पाडते. स्रोत तेजस्वी असेल तर छोटे लोट राहू द्या, सलग काळ जपा. लोटांमुळे कमी वारंवारतेला गोंगाट वाढतो, पण सेकंदांच्या स्पंदनाला त्याचा फारसा त्रास होत नाही.

वेळेची दुरुस्ती

इथे घाई केली तर पुढचे सगळे काम फुकट जाते. दूरबीण पृथ्वीभोवती फिरते, पृथ्वी सूर्याभोवती. प्रकाशाला सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला ४९९ सेकंद लागतात, म्हणजे एकाच स्रोताचे ठोके वर्षभरात जवळजवळ साडेआठ मिनिटे मागे आणि तितकेच पुढे सरकू शकतात. शिवाय पृथ्वीच्या सेकंदाला ३० किलोमीटर या वेगामुळे आवर्तकाळात दहा हजारांत एक भागापर्यंत फरक पडतो. म्हणून प्रत्येक फोटॉनची वेळ सूर्यमालेच्या वस्तुमानमध्याशी, म्हणजे बॅरिसेंटरशी, नेऊन मांडतात.

एक्सएमएमसाठी सासमधले बॅरिसेन, स्विफ्ट, नूस्टार आणि नायसरसाठी हीसॉफ्टमधले बॅरिकॉर, आणि चंद्रासाठी तिच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधली ॲक्सबॅरी ही आज्ञा हे काम करते. तिघींनाही उपग्रहाची कक्षा-फाइल आणि स्रोताचे स्थान लागते. स्थान एका विकलेने चुकले तर वेळ जास्तीत जास्त सुमारे २.४ मिलिसेकंदांनी चुकते. ३१.६ सेकंदांच्या स्पंदनाला ते नगण्य; ४०१ हर्ट्झच्या स्पंदकाला ती जवळजवळ एक अख्खी फेरी होते, आणि वर्षभराच्या नोंदी जोडताना घोळ घालते. त्यामुळे स्थान शक्यतो चंद्राच्या प्रतिमेवरून किंवा दृश्य प्रकाशातल्या सोबत्यावरून घ्यावे.

काही सवयी आधीच लावून घ्या. बॅरिसेन मूळ फाइलमधल्या वेळाच बदलून टाकते, म्हणून आधी प्रत काढा आणि दुरुस्त फाइलच्या नावातच तसे लिहा. दुरुस्ती दोनदा लागली तर संकेत मरतो आणि संगणक काहीही तक्रार करत नाही. फोटॉनबरोबर चांगल्या काळाच्या (चाळणीतून उरलेल्या) पट्ट्यांच्याही वेळा बदलल्या आहेत का ते पाहा. हेडरमध्ये कालमापन टीडीबी (बॅरिसेंटरला धरून केलेली कालगणना) आणि संदर्भ सूर्यमाला असे दिसले पाहिजे. आणि कोणता ग्रह-पंचांग-संच (ग्रहांच्या स्थानांची कोष्टके) वापरला, डीई२००, डीई४०५ की डीई४३०, तो वहीत नोंदवा. वेगवेगळ्या मोहिमांच्या नोंदी एकत्र करताना सगळीकडे तोच संच हवा.

पहिली चाचपणी

आता दुरुस्त वेळांचा पॉवर स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेवर किती पॉवर आहे याचा आलेख, काढायचा. कप्प्याची रुंदी चौकटीच्या पूर्ण पटीत घ्या. २.६ सेकंदांच्या चौकटीचे एक-एक सेकंदाचे कप्पे केले, तर काही कप्प्यांत चौकट पडते, काहींत पडतच नाही, आणि या दोन लयींच्या भांडणातून खोटी शिखरे उगवतात. सरावाच्या स्रोतासाठी पीएन घेऊन कप्पा चौकटीइतका ठेवला तरी चालेल. वारंवारतेची वरची सीमा मग ६.८ हर्ट्झ येते.

फुरिएचा जलद हिशेब फक्त ठराविक वारंवारतांवरच पाहतो, एकाला एक लागून निरीक्षणकाळाच्या व्यस्ताइतक्या अंतराने. खरे स्पंदन दोन वारंवारतांच्या बरोबर मध्ये पडले तर पॉवर चाळीस टक्केच दिसते. म्हणून आशादायक जागा दिसली की तिच्याभोवती झेड-स्क्वेअर्ड चाचणी बारीक पावलांनी करायची. ही चाचणी कप्पे पाडत नाही. प्रत्येक फोटॉनला त्याची कला (तो आवर्ताच्या कोणत्या टप्प्यावर आला ते) देते आणि सगळे फोटॉन एका दिशेला झुकतात का ते पाहते. एक हार्मोनिक (मूळ वारंवारता आणि तिच्या पटीतल्या वारंवारता म्हणजे हार्मोनिक) घेतले तर ती लीही पॉवरसारखीच वागते. स्पंदनाचा आकार टोकदार असेल तर दोन-तीन हार्मोनिक घेतल्याने फायदा होतो. किती घ्यावेत हे आधी ठाऊक नसेल तर एच चाचणी ते स्वतः ठरवते.

एनजीसी ३०० यूएलएक्स-१ साठी ०.०३१ ते ०.०३२ हर्ट्झच्या दरम्यान पाहा. संकेत दिसेल. पण पूर्ण निरीक्षण एकदम घेतले असेल तर तो एका सडपातळ शिखराऐवजी शेजारशेजारच्या अनेक वारंवारतांवर पसरलेला दिसेल. त्याकडे थोड्या वेळाने येऊ.

किती ठिकाणी शोधले याचा हिशेब

निव्वळ गोंगाटातही पॉवर कधीकधी ३० जाते. एका वारंवारतेवर हे होण्याची शक्यता फार कमी, सुमारे तीस लाखांत एक. पण आपण एकाच वारंवारतेवर शोधत नाही. ३०,००० सेकंदांच्या तुकड्यात ६.८ हर्ट्झपर्यंत सुमारे २ लाख ४ हजार स्वतंत्र वारंवारता असतात. असे पाच तुकडे तपासले की दहा लाखांच्या वर प्रयत्न झाले.

उंबरठ्याचे सूत्र असे: दोन गुणिले, प्रयत्नांची संख्या भागिले स्वीकारलेली चुकीची शक्यता, या भागाकाराचा नैसर्गिक लॉगॅरिथम. चुकीची शक्यता एक टक्का धरली आणि प्रयत्न दहा लाख, तर उत्तर ३६.८. मघाचा ३७ हा आकडा इथून आला. एकाच तुकड्यापुरता उंबरठा ३३.७ पडतो. तुम्ही पूर्ण ऊर्जापट्टा आणि फक्त उच्च ऊर्जा असे दोन्ही तपासले तर प्रयत्न दुप्पट, उंबरठा ३८.२. वारंवारतेच्या बदलाची शंभर मूल्ये घेऊन पाहिली तर आणखी ९.२ ची भर.

वहीत प्रत्येक प्रयत्न लिहा. किती वर्तुळे, किती ऊर्जापट्टे, किती तुकडे, किती स्रोत. शंभर स्रोत चाळून एकात पॉवर ३८ दिसली, तर तो शोध शंभर स्रोतांच्या हिशेबाने तोलायचा. यात सूट घेतली की संग्रहातून हवे ते काढता येते, आणि मग त्या संग्रहाची किंमतच राहत नाही. मला या विषयात सर्वांत जास्त आदर वाटतो तो अशा संशोधकांविषयी, जे लेखात शोधाच्या आकड्याइतक्याच ठळकपणे प्रयत्नांचा आकडा छापतात.

आणखी एक अट. हे सूत्र गोंगाट पांढरा, म्हणजे सर्व वारंवारतांवर सारखा, असेल तरच चालते. वस्तुमान खेचणारे स्रोत कमी वारंवारतेला स्वतःहून लुकलुकतात. तिथे सरासरी पॉवर २ च्या कितीतरी वर असते. अशा भागात आजूबाजूच्या वारंवारतांची सरासरी काढून तिच्याशी तुलना करावी, आणि खात्रीसाठी तसाच गोंगाट असलेल्या हजारो बनावट नोंदी संगणकावर तयार करून त्यांत इतकी उंच शिखरे कितीदा येतात ते मोजावे. शंभर सेकंदांहून मोठ्या आवर्तकाळाचा दावा या पायरीशिवाय करू नये.

सरकणारी वारंवारता

आता पसरलेल्या शिखराकडे. एनजीसी ३०० यूएलएक्स-१ चा आवर्तकाळ त्या काही दिवसांत ३१.७१ सेकंदांवरून ३१.५४ सेकंदांवर आला. घटण्याचा वेग दर सेकंदाला सुमारे ५.६ कोट्यांश, म्हणजे ०.००००००५५६ सेकंद. आकडा चिमुकला वाटतो. वारंवारतेच्या भाषेत तो दर सेकंदाला सुमारे ०.५६ अब्जांश हर्ट्झ होतो. एक लाख सेकंदांच्या निरीक्षणात दोन वारंवारतांमधले अंतर, त्याला एक घर म्हणू, एक लक्षांश हर्ट्झ असते. तेवढ्या काळात वारंवारता साडेपाच घरे सरकते. संकेताची पॉवर त्या साडेपाच घरांत वाटली जाते. हा स्रोत ठळक आहे म्हणून तरीही दिसतो. क्षीण स्रोत इथेच निसटतात.

सरकण्याचे प्रमाण काळाच्या वर्गाने वाढते, म्हणून तुकडे पाडणे हा पहिला उपाय. ३०,००० सेकंदांच्या तुकड्यात हीच घसरण (म्हणजे वारंवारतेचे सरकणे, वर असो वा खाली) अर्ध्या घराची उरते. या स्रोतासाठी तुकड्याची योग्य लांबी सुमारे ४२,००० सेकंदांपर्यंत. तिथे घसरण बरोबर एक घर भरते. अनोळखी स्रोतात घसरण ठाऊक नसते, म्हणून मी एकाच निरीक्षणाचे पूर्ण, अर्धे, पाव आणि अष्टमांश असे तुकडे करून चारही पातळ्यांवर शोधतो. प्रयत्न वाढतात, ते हिशेबात धरायचे.

दुसरा उपाय अधिक ताकदीचा: वारंवारता आणि तिच्या बदलाचा वेग, दोन्ही एकदम शोधणे. वेगाचे पाऊल साधारण निरीक्षणकाळाच्या वर्गाच्या व्यस्ताइतके घ्यावे. हेंड्रिक्समध्ये यासाठी प्रवेगशोधाची तयार आज्ञा आहे. रेडिओ स्पंदकांसाठी बनलेले प्रेस्टो हे पॅकेजही क्ष-किरण नोंदींवर चालवता येते.

तारा जोडीदाराभोवती फिरत असेल तर घसरण त्या फेऱ्यांमुळेही होते. एम८२ एक्स-२ हा स्पंदन करणारा पहिला अतितेजस्वी स्रोत २०१४ मध्ये नूस्टारच्या नोंदींत सापडला. त्याचा आवर्तकाळ १.३७ सेकंद, कक्षा अडीच दिवसांची, आणि आपल्या दृष्टिरेषेत कक्षेची त्रिज्या सुमारे २२ प्रकाश-सेकंद. या आकड्यांवरून हिशेब केला तर कक्षेच्या सर्वांत वाईट टप्प्यावर ४०,००० सेकंदांत वारंवारता वीसेक घरे सरकते. ५,००० सेकंदांत मात्र एक-तृतीयांश घरच. तोच तारा, तीच नोंद, आणि तुकड्याच्या लांबीवरून ठरते की तो सापडेल की नाही. म्हणून जुन्या संग्रहात "स्पंदन आढळले नाही" असे छापलेल्या स्रोतांकडे पुन्हा जाण्यात खरा अर्थ आहे. त्या वेळी घसरण धरून शोधले होते का, हे आधी वाचा.

खोटी स्पंदने

काही आवर्तकाळ उपकरणाचे असतात. चंद्रा दूरबीण निरीक्षणादरम्यान मुद्दाम हळूच डोलत राहते. एसिससाठी ते डोलणे एका दिशेत १,००० सेकंदांचे, दुसरीत ७०७ सेकंदांचे. स्रोत चिपच्या कडेशी असेल तर तो त्या लयीत आत-बाहेर होतो आणि सुंदर स्पंदन दिसते. ७०७, १,००० किंवा त्यांचे अर्धे-तिसरे भाग दिसले की आधी चिपवरची जागा पाहा. पृथ्वीलगत फिरणाऱ्या उपग्रहांना दर दीड तासाच्या आसपास स्रोत पृथ्वीआड जातो, त्यामुळे त्या कक्षाकाळाची आणि त्याच्या हार्मोनिकांची शिखरे येतात. खऱ्या शिखराच्या दोन्ही बाजूंनाही त्याच अंतरावर नकली शिखरे उभी राहतात. एक्सएमएमची कक्षा सुमारे ४८ तासांची लांबोडी, म्हणून तिच्या नोंदी सलग असतात, आणि सुरुवात तिच्यापासून करावी असे मला वाटते ते यासाठीच.

नूस्टारची गोष्ट वेगळी: प्रत्येक फोटॉननंतर ते उपकरण सुमारे अडीच मिलिसेकंद आंधळे असते. तेजस्वी स्रोतात त्यामुळे गोंगाटाची पातळी २ वर सपाट राहत नाही. त्याच्या दोन दुर्बिणींतल्या फरकावरून ही विकृती दुरुस्त करण्याची पद्धत स्टिंगरेमध्ये आहे; जलद स्पंदन शोधत असाल तर ती वापराच.

सापडल्यासारखे वाटले की

त्या वारंवारतेवर नोंदींच्या घड्या घाला, म्हणजे सगळे आवर्त एकावर एक ठेवून सरासरी आकार काढा. मग कलाचित्र काढा: आडव्या अक्षावर कला, उभ्या अक्षावर काळ. खऱ्या स्पंदनाची पट्टी वरपासून खालपर्यंत दिसते. ती तिरकी असेल तर वारंवारता थोडी चुकली आहे. वाकलेली असेल तर घसरण धरायची राहिली आहे. पट्टी फक्त एका छोट्या काळात असेल आणि बाकी सगळीकडे धूसर, तर सावध व्हा. त्या काळात पार्श्वभूमीत काय झाले ते तपासा.

मग स्वतंत्र साक्षी गोळा करा. निरीक्षणाचे दोन भाग करून दोन्हींत संकेत आहे का? मॉसच्या दोन कॅमेऱ्यांत तोच आवर्तकाळ मिळतो का? ते पीएनपासून स्वतंत्र आहेत, म्हणून ही चाचणी मोलाची. शेजारच्या रिकाम्या जागेतून आणि दुसऱ्या एखाद्या तेजस्वी स्रोतातून तीच वारंवारता निघते का? निघाली तर ती उपकरणाची. ऊर्जेनुसार खोली कशी बदलते? एनजीसी ३०० यूएलएक्स-१ मध्ये ती ऊर्जेबरोबर वाढत जाते आणि १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर जवळजवळ ८० टक्के होते. बहुतेक स्पंदन करणाऱ्या अतितेजस्वी स्रोतांत असाच कल दिसतो.

सर्वांत भक्कम साक्ष दुसऱ्या तारखेची. आवर्तकाळ कळला की जुन्या-नव्या नोंदींत त्याच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यात शोधता येते, प्रयत्न कमी होतात, उंबरठा खाली येतो आणि मोजक्या फोटॉनांतही संकेत पकडता येतो. याच स्रोताच्या स्विफ्ट आणि नायसरच्या नोंदी अशा तपासल्यावर कळले की २.३ वर्षांत त्याचा आवर्तकाळ सुमारे ४५ सेकंदांवरून १७.५ सेकंदांवर आला.

सिंबाड हा खगोलस्रोतांचा माहितीसंच आणि एटीएनएफ स्पंदक-सूची पाहून स्रोत आधीच ठाऊक नाही ना, याची खात्री करा. दिसलेला आवर्तकाळ शेजारच्या एखाद्या माहीत असलेल्या स्पंदकाचा तर नाही ना, हेही पाहा. प्रतिमा न देणाऱ्या उपकरणांत हे सहज होते.

ॲस्ट्रोसॅटच्या नोंदी

मराठी वाचकाला एक संग्रह खास जवळचा. २८ सप्टेंबर २०१५ रोजी पीएसएलव्ही-सी३० ने ॲस्ट्रोसॅटला कक्षेत नेले. त्यावरचे लॅक्सपीसी हे उपकरण मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत घडले, आणि त्याची काल-अचूकता सुमारे १० मायक्रोसेकंद आहे. नोंदी बंगळुरूजवळच्या ब्याललू इथल्या इस्रोच्या आयएसएसडीसी केंद्रातून मिळतात. वापरकर्त्यांना मदत करणारा कक्ष पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रात आहे. लॅक्सपीसी प्रतिमा देत नाही आणि त्याचे दृष्टिक्षेत्र जवळजवळ एक अंशाचे, म्हणून गर्दीच्या भागात कोणता स्रोत स्पंदतो हे दुसऱ्या दूरबिणीवरून ठरवावे लागते. पण तेजस्वी, जलद स्पंदकांसाठी हा संग्रह अजून पुष्कळ शिल्लक आहे. हात बसवायला सेंटॉरस एक्स-३ घ्या, आवर्तकाळ ४.८ सेकंद. १९७१ मध्ये उहुरू उपग्रहाने क्ष-किरणांत स्पंदन पकडलेला हा पहिला द्वैती स्रोत. त्याची कक्षा सुमारे २.१ दिवसांची असल्यामुळे घसरणीचा सरावही आपोआप होतो.

नवा स्पंदक सापडलाच, तर वहीतला प्रयत्नांचा हिशेब, दुरुस्त इव्हेंट फायली आणि वापरलेल्या आज्ञा एकत्र ठेवून त्या स्रोतावर आधी काम केलेल्या एखाद्या संशोधकाला पाठवा, आणि त्याने स्वतःच्या पद्धतीने मूळ फाइलपासून पुन्हा शोधावे अशी विनंती करा. आवर्तकाळ त्याच्याकडेही तोच निघाला, की मग लिहायला घ्या.